अनिश्चिततेचे सुटे हिशेब: धुंडिराज फाळके, १९११ ते १९१३

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट आपल्याकडे साधारण अशी सांगितली जाते: ख्रिस्ताचा सिनेमा पाहिला, ध्यास घेतला, बायकोचे दागिने गहाण पडले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. शाळेच्या पुस्तकाला एवढे पुरते. चाळिशी गाठलेल्या, पदरात लेकरे असलेल्या आणि धंदा हातचा गेलेल्या माणसाने नवा मार्ग कसा धरला, हे मात्र त्यातून कळत नाही. मधली दोन वर्षे त्यात एका वाक्यात उरकलेली असतात आणि आपल्या कामाचे जे आहे ते नेमके त्या दोन वर्षांत आहे.

हे प्रकरण निवडण्याचे आणखी एक कारण आहे. 'पॅशन असेल तर उडी मारा' असे सांगणारे लोक फाळक्यांचे नाव हमखास घेतात. फाळक्यांनी उडी मारली असे मला वाटत नाही. ते एकेक पायरी चाचपत उतरले. ज्या एका जागी त्यांनी चाचपले नाही, तिथेच ते आयुष्यभर पडत राहिले. त्याविषयी शेवटी लिहितो.

पूर्वपीठिका

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे पंडित. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना संस्कृत शिकवायचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. धुंडिराज १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकला झाली, छायाचित्रण झाले, ठसे बनवण्याचे शिक्षण झाले. मग गोध्र्याला फोटोग्राफरचा व्यवसाय. १९०० च्या सुमारास प्लेगने पहिली पत्नी आणि मूल नेले. गोध्रा सुटले. बडोद्यात पुन्हा फोटोचा धंदा मांडला तर लोक फोटो काढून घ्यायला बिचकू लागले, कारण कॅमेरा माणसाची शक्ती शोषतो अशी समजूत पसरली होती. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. जादू शिकले आणि आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने खेळ केले. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून सरकारी नोकरी लागली. १९०६ मध्ये ती सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. जवळच मळवलीला राजा रविवर्म्यांच्या चित्रांचा शिळाप्रेस होता, त्याची कामे केली. छापखाना पुढे मुंबईत दादरला आला, नवे भागीदार आले, नाव 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' झाले. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणायला फाळके जर्मनीला जाऊन आले.

ही यादी वाचून कुणी म्हणेल, हा माणूस एका जागी टिकणाराच नाही. त्या काळी नातेवाइकांनी तसे म्हटले नसेल तर नवल. पण यादी जरा वेगळ्या नजरेने पाहिली तर चित्रकला, कॅमेरा, रसायने, ठसे, रंगभूमीचे पडदे आणि हातचलाखी या सगळ्यांची १९११ मध्ये एका ठिकाणी गाठ पडणार होती. अर्थात हे आज बसून सांगणे सोपे आहे. १९१० मध्ये ही यादी हाती घेऊन कुणी फाळक्यांचे भविष्य सांगितले असते, तर त्याने चांगला छापखानाच सांगितला असता.

पेचाची सुरुवात

छापखान्याचे नाव झाले, कामाची वाखाणणी झाली, पण भागीदारांशी पटेनासे झाले. फाळके बाहेर पडले आणि पडताना हातात काही आले नाही. छपाईच्या क्षेत्रात त्यांचा हात ओळखीचा होता, त्यामुळे दुसरा छापखाना काढण्यासाठी पैसे लावायला माणसे तयार होती. त्यांनी ते देकार नाकारले.

हा नकार मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो, आणि सर्वांत कमी समजलेलाही. नवे काही सापडले म्हणून जुने सोडले असे इथे घडलेले नाही. सिनेमा अजून आलेलाच नव्हता. जुने काम मिळत होते, येत होते, त्यात नाव होते, पण त्याकडे परत जायला मन तयार नव्हते. पुढे काय, याला नाव नव्हते. व्यवसाय बदलणाऱ्या बहुतेकांचे सर्वांत वाईट महिने हेच असतात. घरातल्यांना दिसते ते एवढेच, की समोर ताट वाढलेले आहे आणि हा माणूस जेवत नाही. फाळक्यांच्या बाबतीत हे दूरदृष्टीचे लक्षण होते असे म्हणायला मी धजणार नाही. ज्या छापखान्यात जीव ओतला तो गेल्याचे दुःख होते आणि दुःखात माणूस नवी भागीदारी करायला घाबरतो, इतके साधे ते असावे.

अशा रिकाम्या दिवसांत गिरगावात त्यांनी हलती चित्रे पाहिली. त्यांत ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट होता. पुढे १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकात त्यांनी स्वतःच लिहिले, की ख्रिस्त पाहताना डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसू लागली. हा प्रसंग सर्वांना माहीत आहे, म्हणून त्यावर थांबत नाही.

अभ्यास की पळवाट?

त्यानंतरचे महिने जास्त विचार करायला लावणारे आहेत. फाळके मिळेल तो चित्रपट पाहत सुटले. छोटे यंत्र आणि फिल्मचे तुकडे घरी आणले, मेणबत्ती आणि भिंग लावून भिंतीवर चित्रे पाडू लागले. दिवसा हे, रात्री ते, झोप नावापुरती. शेवटी डोळे गेले. काही काळ त्यांना जवळजवळ दिसत नव्हते. डॉ. प्रभाकर नावाच्या डॉक्टरांनी उपचार केले, तीन-चार चष्मे दिले आणि दृष्टी परत आली.

आता फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांच्या जागी उभे राहून पाहा. नवरा कमवत नाही. चालून आलेले काम नाकारतो. दिवसभर आणि रात्री सिनेमे पाहतो आणि त्यापायी आंधळा व्हायची वेळ आणतो. हा नव्या व्यवसायाचा अभ्यास आहे की जुन्या पराभवापासून पळ, हे बाहेरून ओळखण्याची काही खूण आहे का?

मला एक खूण दिसते, फार भक्कम नाही पण आहे. पळणारा माणूस पाहतो आणि विसरतो. फाळके पाहून आल्यावर फिल्मची पट्टी हातात घेत, भिंगाखाली धरत, एका चौकटीत आणि पुढच्या चौकटीत किती फरक आहे ते बघत. पाहण्यातून घरी काहीतरी करण्याजोगे निघत होते. आजच्या भाषेत सांगायचे तर कोर्सचे व्हिडिओ पाहणे आणि त्यातले एक काम संध्याकाळी स्वतः करून बघणे, या दोहोंत जो फरक आहे तो. तरीही डोळ्यांची किंमत मोजण्यात शौर्य होते असे मी म्हणणार नाही. ती चूक होती. दृष्टी परत आली नसती तर हे प्रकरण कुणी लिहिलेच नसते.

गाठोडे सोडवणे

आता मूळ मुद्दा. 'भारतात चित्रपट काढायचा' या वाक्यात अनेक अज्ञात गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या. गाठोडे म्हणून पाहिले तर कुणाचीही छाती दडपेल. फाळक्यांनी ते सोडवले. कागदावर तसा आराखडा केला होता असा माझा दावा नाही. त्यांच्या पावलांच्या क्रमावरून मी तो वाचतो आहे.

लोक पैसे देऊन हलती चित्रे पाहतील का, हा प्रश्न त्यांना सोडवायचाच नव्हता. ल्युमिएर बंधूंचा खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी झाला होता. पंधरा वर्षांत परदेशी चित्रे दाखवणारी थिएटरे उभी राहिली होती आणि भरत होती. नवा धंदा निवडताना ही गोष्ट फार मोठी असते: गिऱ्हाईक आधीच दाराशी होते, फक्त माल परदेशातून येत होता.

खरे प्रश्न चार होते. हे यंत्र मला चालवता येईल का? पैसा कुठून येईल? पडद्यावर उभे कोण राहील? आणि घर तोवर कसे चालेल?

पहिल्या प्रश्नासाठी त्यांनी लंडन गाठले. बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी बोटीत बसले. इथे एक बारकावा आहे. तो पैसा चित्रपट काढण्यासाठी नव्हता. तो 'मला हे जमेल का' या एका प्रश्नाचे उत्तर आणण्यासाठी होता. उत्तर नकारार्थी आले असते तर कर्ज अंगावर पडले असते, पण स्टुडिओ, नटमंडळी, अर्धवट चित्रीकरण यांचा डोंगर नसता.

लंडनमध्ये 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी दिसली आणि ते आत शिरले. संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना परावृत्तच केले. इंग्लंडमध्येही चित्रपट काढणारे बुडत आहेत, हा त्यांचा युक्तिवाद होता. धंद्यातला जाणकार माणूस 'नको' म्हणतो तेव्हा दोन गोष्टी होतात: एक तर आपण खट्टू होऊन परततो, नाहीतर त्याला काही कळत नाही असे ठरवून टाकतो. फाळक्यांनी दोन्ही केले नाही. ते तिथेच बसून बोलत राहिले. आपण काय काय शिकलो आहोत, काय करायचे आहे, हे त्यांनी सांगितले असणार, कारण त्याच कॅबोर्नने त्यांची गाठ चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत त्यांना सगळे विभाग हिंडून बघता आले, चित्रीकरण डोळ्यांनी पाहता आले. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला, फिल्मच्या कडांना छिद्रे पाडायचे यंत्र घेतले, कोडॅकची कच्ची फिल्म मागवली. १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईत परतले आणि 'फाळके फिल्म्स कंपनी' काढली. दोन महिन्यांत काम आटोपले.

यंत्रे मागाहून आली. सोबतच्या आकृतीवरून त्यांनी ती चार दिवसांत जोडली. छापखान्यातली वर्षे इथे कामी आली: परदेशी यंत्र खोक्यातून काढून, कागदावरची आकृती बघून जोडणे त्यांना नवे नव्हते. जुना व्यवसाय सोडताना आपण 'सगळे वाया गेले' म्हणतो. बरेचदा कौशल्य आपल्या मागोमाग येते, फक्त जुन्या पदाचे नाव मागे राहते.

त्याच सुमारास, १८ मे १९१२ रोजी, गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' लागला. ते रंगभूमीवरच्या नाटकाचे चित्रीकरण होते, कॅमेरा इंग्रज माणसाने चालवला होता, फिल्म धुवायला लंडनला गेली होती. आपण ज्या वाटेने निघालो त्याच वाटेवर आपल्याच गावात, आपल्या आधी कुणीतरी पोचल्याचे कळणे ही काय चीज असते, हे व्यवसाय बदललेल्या कुणालाही विचारा. फाळक्यांनी यावर काय म्हटले ते बाजूला ठेवू. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, एवढे खरे.

वाटाण्याची वेल

दुसरा प्रश्न पैशाचा. लंडनच्या फेरीत आणि यंत्रांत विम्यावरचे कर्ज सरत आले होते. चित्रपटासाठी पैसे मागायचे तर लोकांना काय दाखवायचे? उत्साह दाखवून चालत नाही. उत्साह त्यांनी छापखान्याच्या वेळीही दाखवला होता. बंगल्यात कॅमेऱ्यासमोर एक कुंडी ठेवली, वाटाणे पेरले आणि रोज थोडे थोडे चित्रण करत महिनाभराहून जास्त काळ रोप टिपले. पडद्यावर जेमतेम मिनिटभरात बी फुगते, अंकुर फुटतो, वेल चढते. नाव ठेवले 'अंकुराची वाढ'. निवडक मंडळींना बोलावून दाखवले. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देव्हारे यांनी पैसे देऊ केले.

या एका मिनिटाच्या फिल्मचे मला फार कौतुक वाटते, आणि का ते सविस्तर सांगायला हवे. नट लागले नाहीत. सेट लागला नाही. स्त्रीपार्ट कोण करणार, हा प्रश्न आला नाही. खर्च फिल्मच्या काही फुटांचा आणि वाटाण्यांचा. पण सावकाराच्या मनात ज्या शंका असतील त्यांतल्या बऱ्याच तिने निकालात काढल्या: कॅमेरा चालतो, माणसाला तो चालवता येतो, फिल्म इथेच धुता येते, आणि विलायतेत ज्याला चमत्कार म्हणतात तो दादरच्या घरात होतो. शिवाय महिनाभर रोज ठरलेल्या वेळी कॅमेऱ्यापाशी उभे राहण्याइतकी चिकाटी या माणसात आहे, हेही त्यातून दिसले. जादूगार केळफा इथे डोकावतो. बघणाऱ्याला काय पाहिल्यावर तोंडात बोट घालावेसे वाटेल, हे त्याला ठाऊक होते.

व्यवसाय बदलणाऱ्यांना आज बायोडेटा नीट करा, लिंक्डइनवर ओळखी वाढवा असे सांगतात. वाईट सल्ला नाही. पण नव्या क्षेत्रात आपल्याला कुणी ओळखत नसताना बायोडेटा हा जुन्या माणसाचा दाखला असतो. वाटाण्याची फिल्म नव्या माणसाचा दाखला होती. अनिश्चितता सहन करायचे बळ कुठून आणायचे, असा प्रश्न आपण विचारतो. त्या महिन्यात फाळक्यांना वेगळे बळ आणावे लागले असेल असे मला वाटत नाही. रोज सकाळी करायला एक छोटे, पूर्ण होण्याजोगे काम होते.

तारामतीचा पगार

माणसांचा प्रश्न सर्वांत चिवट निघाला. 'इंदुप्रकाश'सारख्या वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या. हरिश्चंद्रासाठी रंगभूमीवरचे दत्तात्रय दाबके मिळाले. तारामती मिळेना. कुलीन घरातली बाई या कामाला येणे शक्यच नव्हते, आणि बदनाम वस्तीतही शोध करून झाला. अखेर एका उपाहारगृहात आचाऱ्याचे काम करणारे अण्णा साळुंके सापडले. तिथे महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले.

प्रकरण फाळक्यांचे आहे, पण थोडे साळुंक्यांकडे वळू, कारण व्यवसायबदल त्यांनीही केला आणि त्यांचे कुणी प्रकरण लिहीत नाही. भटारखान्यातून थेट राणीच्या वेषात, ज्या धंद्याला अजून नावही नाही त्यात. बाईचे काम म्हणजे चारचौघांत चेष्टा. पण पगार महिन्याच्या महिन्याला ठरलेला, आणि दीडपट. धंदा बुडाला तर बुडणार फाळके. साळुंके फार तर दुसऱ्या खानावळीत चूल पेटवणार. धोका ज्याच्या-त्याच्या झेपेइतका वाटला गेला होता. पुढे याच साळुंक्यांनी 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. भारतीय पडद्यावरच्या पहिल्या दुहेरी भूमिकेचा मान त्यांच्याकडे जातो.

चित्रीकरण सूर्यप्रकाशात. दिवसा चित्रण, रात्री धुलाई. त्र्यंबक तेलंग यांना कॅमेरा चालवायला फाळक्यांनीच शिकवले. रोहिदास म्हणून स्वतःचा मुलगा भालचंद्र. सहा महिने सत्तावीस दिवस काम चालले आणि सुमारे ३,७०० फूट लांबीचा चित्रपट तयार झाला.

घर तोवर कसे चालेल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर सरस्वतीबाई होत्या. वाक्य म्हणून हे गोड वाटते, पण त्यातला भार पाहिला पाहिजे. मंडळी नाटक कंपनीसारखी एकत्र राहात आणि जेवत. त्या सगळ्यांचा स्वयंपाक त्या करीत. कपडे धूत. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहात, म्हणजे उजेड नटांच्या तोंडावर पडावा. रात्री मुले झोपल्यावर कच्च्या फिल्मला छिद्रे पाडीत. ते काम अंधारात, स्पर्शाने करायचे असते, आणि एक छिद्र चुकले तर पट्टी यंत्रात अडकते. रसायने मिसळणे त्या शिकल्या. दागिने गहाण पडले तेही त्यांचेच.

मी वर लिहिले की फाळक्यांनी एकेका प्रश्नाची किंमत ठरवून ती मोजली. घराच्या प्रश्नाची किंमत त्यांनी ठरवली नाही. ती बाईंनी मुकाट भरली. किती, केव्हापर्यंत, कोणत्या मर्यादेपर्यंत, यावर दोघांत काय बोलणे झाले ते इतिहासात उतरलेले नाही. १९१२ च्या महाराष्ट्रात तसे बोलणे होण्याची पद्धतही नव्हती, आणि आजच्या मापाने त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण हे प्रकरण जे आज वाचतील, त्यांच्यासाठी पद्धत आहे. नोकरी सोडून स्वतःचे काही काढणाऱ्या माणसाला मी आधी हेच विचारीन: घर किती महिने तुझ्याविना चालेल, आणि हा आकडा बायकोने किंवा नवऱ्याने सांगितला आहे की तूच धरून चालला आहेस?

दुसरीही एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. विमा पॉलिसी होत्या, कर्ज देणारे मित्र होते, वडिलांची विद्वत्ता आणि घराण्याची पत होती, दादरला बंगला भाड्याने मिळत होता. या सर्व गोष्टी फाळक्यांच्या जिद्दीच्या खात्यात जमा करणे बरोबर नाही. त्याच वर्षी गिरणीत लागलेल्या एखाद्या माणसालाही डोळ्यांपुढे गोकुळ दिसले असेल. त्याच्याकडे गहाण ठेवायला पॉलिसी नव्हती.

निकाल, आणि त्यानंतर

२१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला. ३ मे रोजी कोरोनेशनमध्ये, म्हणजे जिथे वर्षापूर्वी 'पुंडलिक' लागला होता तिथेच, 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि चालला. सगळीकडे तसे घडले नाही. सुरतेला पहिल्या दिवशी तीन रुपये गल्ला जमला, असे सांगतात. तिथे लोक दोन आण्यांत सहा-सहा तासांचे नाटक बघत, मग तासाभराच्याही आतल्या खेळाला तीन आणे कोण देणार? फाळक्यांनी दर उतरवला नाही. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, फक्त तीन आण्यांत, अशी जाहिरात केली आणि गल्ला शेकड्यांत गेला. गिऱ्हाईक ज्या मापाने मोजत होते ते मापच त्यांनी बदलून दिले. छापखान्यात गिऱ्हाइकांशी घासाघीस केलेला माणूस आहे हा.

त्यानंतर बिऱ्हाड नाशिकला गेले. 'मोहिनी भस्मासूर', 'सत्यवान सावित्री' झाले. १९१४ मध्ये तिन्ही चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथे तांत्रिक बाजूची वाखाणणी झाली, तिथेच राहून काम करण्याचे निमंत्रणही आले. ते नाकारून ते परतले आणि महायुद्ध सुरू झाले. पैसा लावणाऱ्यांनी हात आखडले, कच्च्या फिल्मची टंचाई झाली. पुन्हा कर्ज, पुन्हा गहाण. जी अनिश्चितता १९१३ मध्ये संपली असे गोष्टीत सांगतात, ती वर्षभरात नव्या रूपाने दारात उभी होती. १९१७ च्या 'लंकादहन'ने मात्र भरभरून पैसा दिला.

आणि मग तीच जुनी जागा. १९१८ मध्ये भागीदारांसह 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' निघाली. भांडवलाची चिंता मिटली, पण खर्चावरून आणि कामाच्या पद्धतीवरून भागीदारांशी खटके उडू लागले. फाळके पुन्हा बाहेर पडले. १९११ चा छापखाना आणि ही कंपनी शेजारी ठेवून पाहिली तर दोन्हीकडे कलेबद्दल वाद दिसत नाही. कोणी किती खर्च करायचा आणि शेवटचा शब्द कोणाचा, एवढाच वाद आहे. कॅमेरा, पैसा, नट या प्रत्येक प्रश्नासाठी त्यांनी लहानशी चाचणी शोधली होती. 'मला दुसऱ्याबरोबर काम करता येते का, आणि कोणत्या अटींवर' या प्रश्नासाठी त्यांनी कधी कुंडी मांडली नाही. प्रत्येक वेळी थेट कंपनी मांडली.

या वेळी ते काशीला निघून गेले. तिथे नाटक लिहीत बसले. 'संदेश'चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी त्यांना परत येण्याविषयी लिहिले, तेव्हा चित्रपटधंद्यापुरता मी मेलो आहे अशा अर्थाचे उत्तर त्यांनी पाठवले. कोल्हटकर पक्के संपादक. त्यांनी ते पत्र 'दादासाहेब फाळके मेले' अशा मथळ्याखाली छापून टाकले आणि वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. फाळके १९२२ च्या सुमारास नाशिकला परतले आणि त्याच कंपनीत निर्मितीप्रमुख म्हणून रुजू झाले. या वेळी मालकी दुसऱ्यांची होती, आणि त्या अटीवर त्यांनी पुढची काही वर्षे चित्रपट काढले.